तोट्यात भागीदार कोण?

‘मला स्वतःचा धंदा काढायचाय’ असं सांगणारे आपल्या प्रत्येक विंगमध्ये दोन-चार तरी सापडतात. प्लेसमेंटचा सीझन आला की हे सगळे कुठे गायब होतात? उत्तरासाठी जरा लांब, मलेशियात जाऊ.

तिथे 1983 साली बँक इस्लाम सुरू झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठही. आज तिथली मुलं नेहमीचं बिझनेस मॅनेजमेंट शिकू शकतात, नाहीतर इस्लामी अर्थव्यवहार. यातल्या कोणाला धंद्याची ओढ जास्त, असा प्रश्न संशोधक विचारतात. त्यासाठी आयझेन यांचा 1991 चा सिद्धांत हाताशी असतो. त्यानुसार इरादा तीन गोष्टींवर ठरतो: स्वतःला काय वाटतं, घरचे-दारचे काय म्हणतात आणि ‘हे मला जमेल’ हा भरवसा.

माझ्या मते खरी मेख या भरवशात आहे. इस्लामी शाखेचा विद्यार्थी ‘मुदारबा’ शिकतो. एकाचं भांडवल, दुसऱ्याचे कष्ट; नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. तोटा झाला, आणि त्यात हलगर्जीपणा नसेल, तर पैसे भांडवलवाल्याचे बुडतात, कष्टकऱ्याची मेहनत. किती न्याय्य! पण इस्लामी बँकांचा प्रत्यक्ष भर असतो ‘मुराबहा’सारख्या व्यवहारांवर. बँक वस्तू घेते आणि ठरलेला नफा चढवून हप्त्याने विकते. व्याज नाही, हे खरं. पण धंदा बसला तरी हप्ता सुटत नाही. म्हणजे पुस्तकं वेगळी असली तरी बँकेच्या दारात दोन्ही विद्यार्थी जवळपास एकाच रांगेत!

आपलंही तेच आहे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज, घरून ‘आधी नोकरी बघ’ आणि कॉलेजात उद्योजकतेवर भाषणं. भाषणाने इच्छा वाढते हो, पण तोट्याची भीती कशी जाणार?

म्हणून एक सुचवतो. माजी विद्यार्थ्यांनी छोटा निधी उभारावा आणि दरवर्षी फायनल इयरच्या दोन प्रोजेक्टना कर्ज नव्हे, भागीदारी द्यावी. नफ्यात वाटा घ्या, तोट्यातही घ्या. ‘पोरं पैसे उडवतील’ असं कोणी म्हणेल. मग दरमहा हिशोब एखाद्या सरांनी तपासावा, निष्काळजीपणा दिसला तर वसुली करावी.

मित्रहो, ‘पुढे हो, आम्ही आहोत’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. तोट्याच्या दिवशीही जो सोबत असेल, त्याच्याच भरवशावर नोकरीचं पत्र बाजूला ठेवता येतं. पटतंय का बघा!