खाडीकाठच्या नोंदी कोणाच्या? जीवजातींच्या खुल्या माहितीचा प्रश्न

ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षात देशातील अशा स्थळांची संख्या ७५ वर नेण्यात आली, त्यांत आपली खाडीही होती. त्यापूर्वी, २०१५ साली, खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झालेला होताच. ठाणेकरांना या दोन्ही बातम्यांचा अभिमान वाटला आणि तो रास्तही होता. परंतु हा मान खाडीला नेमका कशामुळे मिळाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

रामसर कराराचे निकष स्पष्ट आहेत. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, अथवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी तेथे आश्रय घेत असतील, तर त्या जागेचे आंतरराष्ट्रीय महत्त्व मान्य होते. याचा अर्थ असा की, केवळ सौंदर्याच्या वर्णनाने काम भागत नाही, मोजदाद लागते. कोणीतरी वर्षानुवर्षे पहाटेच्या ओहोटीला चिखलाच्या काठावर उभे राहून पक्षी मोजलेले असावे लागतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचा बहुतांश भार स्वयंसेवकच वाहतात. त्यांच्या वह्या घरच्या कपाटात बंद राहिल्या असत्या, तर खाडी तीच असती, पक्षीही तेच असते. फक्त त्यांच्या बाजूने बोलणारा पुरावा नसता.

जीवजातींची माहिती खुली असावी की नसावी, हा आज देशभर चर्चिला जाणारा विषय वरवर पाहता शास्त्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो आपल्या दाराशी येऊन ठेपलेला आहे.

धर्मगुरूंचा वारसा

आपल्या वाचकांना या विषयाची एक बाजू जवळची वाटेल. १९०५ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील खारफुटीवर एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी उभारलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज ‘ब्लॅटर हर्बेरियम’ या नावाने संशोधकांना परिचित आहे. त्यांच्यामागून स्पेनहून आलेले येशूसंघीय फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी सह्याद्रीतील खंडाळ्याच्या वनस्पतींची सविस्तर नोंद केली. ती १९५३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण या राष्ट्रीय संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली आणि १९६७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या दोघांच्या कामातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वाळवलेल्या प्रत्येक फांदीसोबत एक चिठ्ठी असते: वनस्पतीचे नाव, कोठे सापडली, केव्हा सापडली, कोणी गोळा केली. एवढ्या चार ओळींमुळे ती फांदी शंभर वर्षांनंतरही साक्ष देऊ शकते. आज संगणकावर जी जैवविविधतेची माहिती साठवली जाते, तिचा गाभा हाच आहे. सोसायटीच्या त्या जुन्या नियतकालिकांचे खंड आता जैवविविधतेच्या जागतिक डिजिटल ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पूर्वी ज्या लेखासाठी मुंबईच्या ग्रंथालयात खेपा घालाव्या लागत, तो आज डोंबिवलीतील विद्यार्थिनी घरबसल्या वाचू शकते आणि ज्या खारफुटीच्या जाती तेव्हा नोंदल्या गेल्या, त्या आज शिल्लक आहेत काय, हे पडताळू शकते. खुलेपणाचा हाच अर्थ आहे.

आजची व्यवस्था

२००१ साली स्थापन झालेली आणि कोपनहेगन येथे सचिवालय असलेली जीबीआयएफ ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा जगभरातील संग्रहालये, विद्यापीठे आणि हौशी निरीक्षकांच्या अब्जावधी नोंदी एकत्र शोधता येतील अशा रूपात उपलब्ध करून देते. प्रत्येक नोंद ठरावीक साच्यात असते, तिच्यासोबत वापराचा परवाना असतो आणि माहिती उतरवून घेणाऱ्याला एक कायमस्वरूपी क्रमांक मिळतो, जेणेकरून मूळ श्रम करणाऱ्याचे श्रेय हरवू नये. आपल्या देशात २००८ साली सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल याच तत्त्वावर चालते. पक्षिनिरीक्षकांसाठी ‘ईबर्ड’ आहे, तर कोणत्याही सजीवाच्या छायाचित्रासाठी ‘आयनॅचरॅलिस्ट’. या दुसऱ्या व्यवस्थेत छायाचित्र, तारीख आणि ठिकाण असलेल्या नोंदीच्या ओळखीवर दोन तृतीयांशांहून अधिक जाणकारांचे एकमत झाले, तरच ती संशोधनयोग्य मानली जाते.

या नोंदींतून काय साधते? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल त्याचे उत्तम उदाहरण होय. २०२३ च्या अहवालासाठी सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी तपासण्यात आल्या, ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज असल्याचे निदर्शनास आले. त्याआधी २०२० च्या अहवालाने चिमणीविषयीची रूढ समजूतही दुरुस्त केली होती. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे असे आपण सारे मानत होतो. देशपातळीवर तिची संख्या बऱ्यापैकी स्थिर असून मुंबईसारख्या महानगरांत मात्र ती हळूहळू घटत आहे, असे नोंदींनी दाखविले. म्हणजे प्रश्न चिमणीच्या जातीचा कमी आणि आपल्या शहरांच्या रचनेचा अधिक आहे. निदान बदलले की उपायही बदलतो.

दुसरे उदाहरण आपल्याच परिसरातले आहे. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती शास्त्राला ज्ञात झाल्या. त्यांतील एकीला २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्राणार्पण करणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले. एखादी जात नवी आहे असे म्हणायचे, तर आजवर वर्णिलेल्या जवळच्या सर्व जातींशी तिची तुलना करावी लागते. जगातील कोळ्यांची सूची बर्न येथील संग्रहालयाने सर्वांसाठी खुली ठेवलेली असल्यामुळे अशी तुलना आता लहान संस्थेतील अभ्यासकालाही शक्य होते.

जून २०२४ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाने देशातील १,०४,५६१ प्राणिजातींची सूची प्रसिद्ध केली. हे कार्य मोठेच आहे. मात्र सूची आणि नोंद यांत फरक आहे. सूची सांगते की अमुक प्राणी भारतात आहे. नोंद सांगते की तो अमुक दिवशी, अमुक ओढ्याकाठी होता. नगररचनेचा आराखडा आखताना उपयोगी पडते ती नोंद.

नकाशावरील कोरी जागा

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्यानंतर गृहसंकुले, उड्डाणपूल आणि महामार्ग यांनी या पट्ट्याचे रूप पालटले आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार केला जातो. त्यासाठीची प्रत्यक्ष पाहणी अनेकदा एकाच हंगामापुरती असते. रोहित पक्षी साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात खाडीत असतात. पाहणी पावसाळ्यात झाली, तर अहवालात रोहित दिसणारच नाहीत. अशा वेळी जनसुनावणीत उभा राहणारा सामान्य नागरिक काय दाखवणार? ‘आम्ही पाहिले आहेत’ एवढे म्हणून चालत नाही. दहा वर्षांच्या दिनांकित, तपासलेल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या नोंदी त्याने पुढे ठेवल्या, तर त्यांची दखल घ्यावीच लागते.

परंतु येथेच खुल्या माहितीची मर्यादाही ओळखली पाहिजे. निरीक्षक जेथे सहज जाऊ शकतो, तेथील नोंदी वाढतात. येऊरच्या डोंगरात सुटीच्या दिवशी दुर्बिणी घेतलेली मंडळी भेटतात. डोंबिवलीचा सातपूल आणि भोपरचा परिसर पक्षिनिरीक्षकांना ठाऊक आहे. मलंगगडाच्या पायथ्याची माळराने किंवा काळू नदीचा काठ यांच्या वाट्याला तेवढी नजर येत नाही. शिवाय भारतातील खुल्या नोंदींत पक्ष्यांचाच भरणा मोठा आहे. मासे, खेकडे, गवते, गोगलगायी मागे राहतात. नकाशावरील कोरी जागा म्हणजे तेथे काही नाही असे नव्हे, तर तेथे कोणी पाहिले नाही, एवढेच. हा भेद विसरला, तर कोरी जागा हीच बांधकामाची परवानगी ठरण्याचा धोका आहे. म्हणूनच जाणकार पूर्ण यादी देण्याचा आग्रह धरतात. पाहिलेली प्रत्येक जात निरीक्षकाने लिहिली, तर त्या यादीत काय नाही, यालाही अर्थ प्राप्त होतो.

सारेच खुले करावे काय?

याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. घुबडाच्या ढोलीचा किंवा दुर्मीळ ऑर्किडचा नेमका पत्ता जाहीर करणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. म्हणून वर उल्लेखिलेल्या व्यवस्था संकटग्रस्त जातींचे ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात. शास्त्रीय वापरासाठी तेवढे पुरते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या कोळी बांधवांना निवटी कोणत्या भरतीला वर येते, जिताडा कोठे मिळतो, चिंबोरी केव्हा भरलेली असते, हे कोणत्याही संगणकाहून अधिक कळते. येऊरच्या आदिवासी पाड्यांतील वडीलधाऱ्यांना औषधी वनस्पतींची जाण असते. ही माहिती खुली करण्याचा हक्क कोणाचा? २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. त्यामागील हेतू हाच होता की, ज्ञान नोंदले जावे आणि त्याच्या लाभातील वाटा ज्ञानधारकांना मिळावा. अनेक वर्षे या कामाला गती नव्हती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये बजावून जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि दिरंगाई करणाऱ्या राज्यांना दंडाची तंबी दिली. मग नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढून देशभरात अडीच लाखांच्या पुढे गेली. मुदतीच्या दडपणाखाली भरलेल्या वहीत गावाचा खरा आवाज कितपत उमटला, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा रेषा अशी आखता येईल: कोठे कोणता सजीव दिसला, ही माहिती शक्य तितकी खुली असावी; त्याचा औषध म्हणून वा व्यापारासाठी कसा उपयोग होतो, हे ज्ञान मात्र त्या समाजाच्या संमतीनेच बाहेर जावे. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली माहिती जनतेला उपलब्ध व्हावी, हे तत्त्व केंद्र सरकारने २०१२ च्या राष्ट्रीय धोरणात स्वीकारलेले आहे. महापालिकांनी करून घेतलेली वृक्षगणना आणि तलावांच्या पाहण्या यांनाही तेच लागू व्हायला हवे.

आपला वाटा

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात परिसंस्थांच्या संशोधनावर अधिक गुंतवणूक व्हावी आणि पर्यावरणीय परिणामांची तपासणी पारदर्शक असावी, असे आवाहन केले होते. त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांत जुने संग्रह असतील, त्यांच्या चिठ्ठ्या वाचून नोंदवता येतील. धर्मग्रामातील युवकांना महिन्यातून एक सकाळ जवळच्या तलावावर घालवता येईल. ठिकाण तेच, वेळ तीच, यादी पूर्ण. चर्चच्या आवारातील जुन्या वृक्षांची गणना तर एका रविवारच्या दुपारी होईल. एका वर्षाच्या नोंदीला फारसे वजन नसते. दहा वर्षांच्या नोंदीला ते येते. म्हणून आरंभापेक्षा सातत्य महत्त्वाचे.

उल्हास नदीचे पाणी कल्याणला वळसा घालून ठाण्यापाशी येते आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. एकाच पाण्याच्या काठी आपण सारे राहतो. फादर ब्लॅटर यांनी एकशे वीस वर्षांपूर्वी या किनाऱ्याची खारफुटी नोंदवली, ती पुढे कोण वाचील हे त्यांना ठाऊक नव्हते. आज आपण वाचत आहोत. आणखी शंभर वर्षांनी कोणी आपल्या काळाचा पुरावा शोधू लागेल, तेव्हा त्याला चार ओळी तरी सापडाव्यात: काय पाहिले, कोठे, केव्हा आणि कोणी.