पाठांतराचा मेंदू

यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या 21 वैदिक पंडितांच्या मेंदूंचे एमआरआय हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झाले. तुलनेला तितकेच इतर लोक होते. जेम्स हार्टझेल व सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2016 मध्ये ‘न्यूरोइमेज’ने छापला. भाषा आणि स्मृतीशी निगडित अनेक भागांत पंडितांचे करडे द्रव्य अधिक भरले; हिप्पोकॅम्पसमध्येही.

निष्कर्ष लक्षवेधी आहेच. पण ‘संस्कृतने बुद्धी वाढते’ असे फलक रंगवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. पाठांतराने मेंदू बदलला, की मुळात तशा मेंदूचीच मुले त्या कठोर शिक्षणात टिकली? एकदाच घेतलेल्या प्रतिमेवरून हे ठरत नाही. शिवाय श्रेय भाषेचे, की वर्षानुवर्षांच्या घोकंपट्टीचे? लंडनचे हजारो रस्ते पाठ करून परवाना मिळवणाऱ्या टॅक्सीचालकांच्याही हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला होता. तिथे कुठले आले संस्कृत!

खरी कसोटी घ्यायची तर शेकडो ओव्या तोंडपाठ असलेल्या आपल्या आज्या आणि गाथा मुखोद्गत असलेले वारकरी यांनाही त्याच यंत्रात तपासावे. विद्यापीठांनी निधी मागायचाच, तर त्यासाठी आणि लवकर मागावा.