‘साताऱ्या’चा र आणि ‘सांगली’चा ल

‘अक्षर कसे दिसते यावाचून कुणाचे काय अडते?’ असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. त्यांनी आमच्या दोन जिल्ह्यांची नावे संगणकावर लिहून पाहावीत. ‘साताऱ्याचा’ यातील पापणीसारखा र साधला नाही, तर तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. याच चुकीने सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ जाऊन तेथे ‘दर्या’ उसळतो. आणि ‘सांगली’तील पाकळीचा ल पुष्कळ पडद्यांवर हिंदी वळणाचा, दंडाचा होतो.

हे बारकावे यंत्र आपोआप जपत नाही. त्यामागे जाणता रचनाकार लागतो. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांच्या हातचा. पवईच्या आय.आय.टी.त शिकविलेले आणि पुढे एन.सी.एस.टी. या सरकारी संस्थेत काम केलेले हे सुलेखनकार २००८ साली गेले. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘निर्मला’ हा नवा टंक आला. विंडोज १० मध्ये तर ‘मंगल’ची गणना वेगळ्याने उतरवून घ्यावयाच्या टंकांत झाली. नवा टंक वाईट आहे किंवा जोशी गेले म्हणूनच तो आला, असे माझे म्हणणे नाही. मुद्दा एवढाच, की रचनाकार आपला, त्याची विद्या सार्वजनिक संस्थांत वाढलेली; पण टंक ठेवावा की बाजूला सारावा, हा निर्णय मात्र कंपनीचा!

‘माणूस गेला की पोकळी राहतेच’, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मृत्यू कुणाला चुकला आहे? परंतु विद्येला वारस न ठेवणे हा दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा दोष होय. आमच्या वाईलाच पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ साली गेले. तरी विश्वकोशाचे खंड निघत राहिले. कारण तेथे व्यक्तीमागे मंडळ उभे होते.

शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली अक्षरांचे आकार ठरविणारे निर्णय काढले. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा टंकही करवून घेतला. हे योग्यच झाले. पण टंक एकदा करून भागत नाही. यंत्रणा बदलली की तो पुन्हा तपासावा लागतो. एकाच टंकात मराठी व हिंदी आकार ठेवून भाषेनुसार निवडण्याचे तंत्रही आज उपलब्ध आहे. उणीव तंत्राची नाही, ते सांभाळणाऱ्या माणसांची आहे.

रस्ता ज्याला हवा त्याने बांधावा, असे आपण म्हणत नाही. लिपी हाही सर्वांचा रस्ताच. म्हणून शासनाने रचनाकारांची कायम, पगारी शाखा उभारावी, तिच्यात उमेदवार घडवावेत, तिचे टंक सर्वांना मुक्त असावेत. आणि पाटणच्या व जतच्या शेतकऱ्यांनी स्वतः सातबारा वाचून पाहिल्याखेरीज कोणतेही सरकारी संकेतस्थळ खुले करू नये. ‘शेतकऱ्या’च्या नावातही तोच र आहे, निदान तो तरी मोडू नये!