आधी पाहा, मग धुवा

‘लोक घरीच इंजिन खोलतात आणि जमले नाही की पोत्यात भरून आपल्याकडे आणून टाकतात,’ ही तक्रार सध्या जुन्या स्कूटरचे काम करणाऱ्या बहुतेक मिस्त्रींच्या तोंडी आहे. तक्रारीत तथ्य आहे. पोत्यात सगळे भाग असतातच असे नाही. कुठला वायसर कुठे होता हे कोणालाच आठवत नाही, आणि पिस्टनच्या पिनेचे लॉक गॅलरीतल्या एखाद्या कुंडीत उडालेले असते. चालत आलेले इंजिन खोलून बांधण्यापेक्षा असले पोते निस्तरायला जास्त वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

तरीही या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. आकुर्डीची चेतक असो, सुपर असो की साताऱ्यात तयार झालेली प्रिया असो, या गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्या अशाच हौशी, हट्टी मालकांमुळे. चेतक बाजारात आली १९७२ साली. २००९ साली बजाजने स्कूटर बनवणेच थांबवायचे ठरवले, आणि २०२० मध्ये तेच नाव बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला मिळाले. आज आयटीआयमधून बाहेर पडणारा मुलगा फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर शिकून येतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे टू-स्ट्रोक चेतकचे इंजिन उघडून बसणारी माणसे दोनच प्रकारची उरली आहेत: निवृत्तीला आलेले मिस्त्री आणि घरातले हे मालक. या दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली तर हे काम येणारे कोणी उरणार नाही.

हे इंजिन घरी खोलण्याजोगे आहे, हेही मान्य केले पाहिजे. ५७ मिलिमीटरचा बोअर, तेवढाच स्ट्रोक, १४५.४५ सीसी, एक सिलिंडर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, मागच्या चाकाला चेन नाही. चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. गिअर, क्लच आणि ब्रेकच्या केबल, वायरिंग, पेट्रोलची नळी आणि सायलेन्सर सोडवला की शॉकअपचा खालचा बोल्ट आणि आडवा लांब बोल्ट एवढ्यावरच इंजिन बॉडीला लटकलेले असते. (तो लांब बोल्ट रबरी बुशच्या नळीत गंजून बसतो. आदल्या रात्री तेल सोडून ठेवावे, आणि हातोडा मारायचाच तर नट आट्यांवर बसवूनच मारावा.)

माझे भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. इंजिन खाली उतरले की ते रॉकेलच्या घमेल्यात टाकायचे, ब्रशने घासून चकचकीत करायचे आणि मग काय बिघडले आहे ते शोधायला बसायचे, हा क्रम. घरचा माणूस असे करतो, कारण हात काळे झालेले त्याला नको असतात. आपण करतो, कारण संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची असते. दोन्हीकडे नुकसान सारखेच होते. इंजिनावरचा मळ हा त्या इंजिनाने गेल्या काही वर्षांत काय सोसले याचा जबाब असतो, आणि तो आपण वाचायच्या आत गटारात सोडतो.

परवा एका गॅरेजमध्ये पाहिलेले इंजिन सांगतो. वर्षभरात दुसऱ्यांदा पिस्टन जाम झाला होता. पहिल्या वेळी बोअरिंग करून नवा पिस्टन आणि रिंगा टाकल्या होत्या. काम स्वच्छ होते, बोअरला नाव ठेवायला जागा नव्हती. या वेळी नशिबाने अजून कोणी ते धुतले नव्हते. वरचे पत्र्याचे कव्हर काढले तर सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये काळा, ओलसर लगदा बसलेला, बोटाने उकरला तर मेणासारखा निघणारा. कोरडी धूळ आणि चिखल असता तर तो भुगा होऊन पडला असता. हा मात्र तेलात मळलेला होता, आणि पंख्याची हवा ज्या बाजूने आत शिरते त्या बाजूला जास्त दाट होता. मग मॅग्नेट पुलरने काढले. मागची प्लेट ओली आणि काळी. नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास.

सगळी कथा तिथेच होती. मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील गेलेले. पिस्टन खाली येताना केसमध्ये दाब होतो, तेव्हा ऑइल मिसळलेले पेट्रोल त्या सीलमधून बाहेर फेकले जायचे. पंखा ते पाकळ्यांवर उडवायचा, त्यावर रस्त्याची धूळ चिकटायची आणि सिलिंडरला वारा लागेनासा व्हायचा. पिस्टन वर जाताना त्याच फटीतून जादा हवा आत ओढली जायची, म्हणजे मिश्रण पातळ आणि त्यातले तेलही कमी. वरून तापायचे, आतून तापायचे. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे चरे पडलेले होते, ते याच उष्णतेचे. पहिल्या वेळी इंजिन आधी धुतले गेले, पाकळ्या स्वच्छ झाल्या, मॅग्नेटची प्लेट पुसली गेली आणि दोष देण्यासाठी समोर फक्त पिस्टन उरला. थोड्या पैशांच्या सीलपायी दोन बोअर गेले.

असे पुरावे जागोजागी असतात. गिअर ऑइल काढताना ते थेट घाणीच्या डब्यात ओतू नका, पांढऱ्या ताटात घ्या. साधारण पाव लिटर निघायला हवे. कमी निघाले आणि जमिनीवर कधी ठिपका पडत नव्हता, तर क्लचच्या बाजूचे सील तपासा. ते ऑइल केसमध्ये ओढले जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन गेले असणार. उलट जास्त निघाले आणि पेट्रोलचा वास आला, तरी संशय त्याच सीलवर. तळाशी राखाडी चमक असली तर घाबरू नये, पण बोटांत चुरचुरणारे कण आले तर गिअरच्या दातांकडे आणि बेअरिंगकडे पाहावे. काळे-तपकिरी मऊ तुकडे आले तर ते क्लचप्लेटचे कॉर्क. ‘मागचा ब्रेक लागत नाही’ म्हणून आलेल्या गाडीत लायनर बदलण्याआधी ड्रम आतून पाहा. तेलाचा ओघळ असेल तर चाकाच्या शाफ्टचे सील गळते आहे, नवे लायनर चार दिवसांत पुन्हा तेलात भिजतील. तो ड्रम हवेच्या पाइपने मात्र फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, आणि ते भुकटीच्या रूपाने छातीत जाते.

याहून महत्त्वाची एक जागा आहे, आणि तिच्याकडे आपल्यातले जुने लोकही पुरेसे पाहत नाहीत. या इंजिनात पेट्रोल आत घेण्याचे दार म्हणजे खुद्द क्रँकची चकती. केसमधल्या ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत पट्टीला ती जवळजवळ घासून फिरते. मधली फट एवढी बारीक की कागदही जाऊ नये. बेअरिंगचा तुकडा किंवा वाळूचा कण तिथे एकदा फिरला की पट्टीवर खोल चर पडतो, दार नीट मिटत नाही, आणि प्रत्येक फेरीला थोडे मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटे बाहेर येते. गाडी किकला दमवते, आयडलिंगला ठरत नाही. आपण जेट साफ करतो, पॉइंट बदलतो, शेवटी बोअरही करतो, आणि तक्रार तिथेच राहते. एअर फिल्टरच्या डब्यात तेलकट पेट्रोलचे थारोळे दिसले तर पहिला संशय या पट्टीवर घ्यावा, पण तो डबा आपण सगळ्यात आधी धुतो. आणि ही पट्टी पॉलिश पेपरने घासून ‘साफ’ करायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. चर तर जात नाहीच, फट मात्र वाढते. (एलएमएलच्या पुढच्या इंजिनांत इथे रीड व्हॉल्व्ह आहे आणि विजय सुपरची रचना मुळातच निराळी आहे, त्यामुळे हे त्यांना लागू नाही.)

पाहून झाले, फोटो काढून झाले, की मग मनसोक्त धुवा. दोन घमेली ठेवा. पहिल्यात मळ सोडवायचा, दुसऱ्यात स्वच्छ रॉकेल किंवा डिझेलने शेवटचा हात. पहिल्याच घमेल्यात बेअरिंग बुडवले तर तळाची वाळू त्यात जाते. कनेक्टिंग रॉडची ढिलाई धुतल्यावरच तपासावी, कारण आतले तेल ती लपवते. रॉड वर-खाली अजिबात हलता कामा नये, बाजूला किंचित हलणे ठीक. तपासून झाले की लगेच टू-टी ऑइल सोडा. रॉकेलने कोरडे केलेले बेअरिंग पावसाळ्यात एका रात्रीत गंजते.

घरी काम करणाऱ्यांना दोन गोष्टी आपण दरडावून सांगितल्या पाहिजेत. पेट्रोलने घरात काही धुवायचे नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीवरून सरकत स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोहोचते. आणि कॉस्टिक सोडा फक्त लोखंडी सायलेन्सरसाठी, तोही उघड्यावर, हातमोजे घालून. हेड आणि केस ॲल्युमिनियमचे आहेत. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. हेडवरचा कार्बन लाकडाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने निघतो, त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच तर घरच्या माणसाकडे असलेली गोष्ट आहे.

आता आपल्या धंद्याचे. घरी खोलू नका असे सांगून कोणी ऐकणार नाही. त्यापेक्षा काय आणायचे आणि कधी आणायचे ते सांगा. मॅग्नेट पेचकसाने उचकटून पंख्याच्या पात्या मोडण्यापेक्षा त्याने इंजिन तसेच आणावे, तुम्ही पुलर लावून पाच मिनिटांत काढून द्यावे. क्लचचा नट, केस फोडणे, बेअरिंग ठोकणे, बोअरिंगचे माप या कामांना हत्यार आणि हात लागतो, ती तुमच्याकडेच राहतील. आणि न धुतलेले इंजिन पाहून निदान सांगण्याचे वेगळे पैसे घ्या. त्यात संकोच वाटायचे कारण नाही. नुसता लगदा पाहून सील गेले हे ओळखायला उमेदीची वर्षे गेलेली असतात, आणि तेच तुमचे खरे कसब आहे.

केस बदलायची वेळ आली तर मात्र गिऱ्हाइकाला आधी आरसी बुक काढायला लावा. इंजिन नंबर केसवर असतो. भंगारातून आणलेला दुसरा अर्धा जोडून दिला तर पुनर्नोंदणीच्या वेळी आरटीओत त्याचा जीव जाईल. ५० वर्षे पूर्ण केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे आणि सुरुवातीच्या चेतक त्या वयात पोहोचल्या आहेत. मूळ केस वेल्डिंगने वाचत असेल तर ती वाचवण्यात दोघांचेही हित आहे.

आणखी एक चिंता. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि हवेतले पाणी ते ओढून घेते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल कॉकचे वायसर, नळी, फ्लोटच्या सुईचे टोक आणि दोन्ही क्रँक सील यांची अवस्था आता आपल्याला नव्याने समजून घ्यावी लागेल. तपकिरी व्हायटनची सील मिळाली तर तीच बसवा. गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायला सांगा.

या बाबतीत प्रत्येकाने स्वतःपुरते अंदाज बांधण्यापेक्षा नोंदी एकत्र करू या. तुमच्याकडे येणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांचे फोटो आम्हाला पाठवा, हात लावण्याआधीचे: पाकळ्या, मॅग्नेटची मागची प्लेट, ताटातले गिअर ऑइल, फिल्टरचा डबा. सोबत गिऱ्हाइकाची मूळ तक्रार, गाडी किती महिने उभी होती, कुठले सील होते आणि शेवटी दोष कुठे सापडला, एवढे लिहा. दोष सापडला नसेल तरी पाठवा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला दोन पाने यासाठी राखून ठेवली आहेत.