अकरा ओळींचे ऋण

चार नावे लिहावीत आणि एका आज्ञेसरशी, त्या चारांना लागणाऱ्या व त्यांनाही लागणाऱ्या शेकडो परक्या पॅकेजेसनी प्रकल्पात येऊन बसावे, ही जावास्क्रिप्टच्या जगातील एनपीएमची किमया. या सोयीला आमचा विरोध नाही. तिच्यापोटी येणाऱ्या विस्मरणाला आहे.

मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रामरने एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर आपली सारी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होते : मजकुराच्या डावीकडे हवी तितकी अक्षरे भरणारा, अवघ्या ११ ओळींचा कोड. जगभरचे असंख्य प्रकल्प अडले. काही तासांत ते पॅकेज पूर्ववत झाले, पुढे काढून घेण्याचे नियमही कडक झाले. परंतु ते आपल्या प्रकल्पात आहे हे किती जणांना ठाऊक होते?

२०१७ पासून एनपीएमची लॉक-फाइल आणलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद आपोआप ठेवते. ग्रंथातला ऋणनिर्देश मात्र लेखकाला स्वतः लिहावा लागतो. म्हणूनच ते ऋण त्याच्या ध्यानात राहते. यंत्राने लिहिलेली यादी माणसाने अधूनमधून वाचावी, एवढेच आमचे म्हणणे.