सहलीचं ठिकाण कुणाला विचारून ठरवायचं?

मागच्या वर्षी सातवीला 'आमची सहल' हा निबंध दिला होता. नेहमीचाच विषय, त्यामुळे निबंधही नेहमीचेच. पहाटेची एसटी, गाण्याच्या भेंड्या, डब्यातली पोळी-चटणी, शेवटी 'दिवस कधी संपला कळलंच नाही'. एका वहीत मात्र चारच ओळी होत्या. सहलीच्या दिवशी तो घरी होता, दुपारी आजीबरोबर शेंगा फोडल्या, रात्री बस आल्याचा हॉर्न ऐकू आला. संपला निबंध. मी लाल पेनानं 'विस्तार हवा' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले.

वही परत देताना लक्षात आलं की हे लेकरू व्हीलचेअरवर असतं. त्याच्या वडिलांनी संमतिपत्रावर 'पाठवू शकत नाही' असं लिहून दिलं, तेव्हा मला मनातून हायसंच वाटलं होतं. एक जबाबदारी कमी झाली, बस्स.

आपण आधी ठिकाण ठरवतो आणि मग संमतिपत्रं वाटतो. गड, पायऱ्यांचं देवस्थान किंवा धबधबा एकदा ठरला की कोण येणार नाही हेही त्याच बैठकीत ठरलेलं असतं. सही तेवढी पालकांची घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा. ज्या मुलाला सगळ्यात जास्त अडचण आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधी विचारा, मग ठिकाण शोधा. ही काही आपली मेहरबानी नव्हे. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 16 मध्ये शाळांवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की शिक्षणाबरोबरच खेळ आणि करमणुकीची संधीही या मुलांना इतरांच्या बरोबरीनं मिळाली पाहिजे. सहल त्यातच येते.

यावर स्टाफरूममध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "त्यात काय, आपण उचलून नेऊ की!" मनानं चांगलेच असतात बोलणारे. पण तेरा वर्षांच्या मुलाला सगळ्या वर्गासमोर दोघांनी खांद्याला धरून पायऱ्या चढवायच्या, लघवीला जायचं तर सरांना सांगायचं, आणि यात त्यानं दिवसभर हसत राहायचं? एकदा तसं नेलेलं मूल पुढच्या वर्षी स्वतःच 'मला नाही यायचं' म्हणतं. आपण म्हणतो, त्याला आवड नाही.

डोंगर म्हटला की हे जमणारच नाही, असंही आपण धरून चालतो. माथेरानचं उदाहरण बघा. देगलूरहून ते एका दिवसाचं काम नाही, हे कबूल. पण डोंगरावरची वाट सगळ्यांसाठी करायची म्हणजे काय काय गुंतलेलं असतं, ते तिथं दिसतं. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट तिथं पोचले, 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर गेली. मोटारींना गावात बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि पुढं पायी, घोड्यावर, अमन लॉजवरून मिनी ट्रेननं किंवा माणसानं ओढायच्या रिक्षात. ही बंदी जंगलासाठी चांगलीच. पण ज्याला चालता येत नाही त्याला गाव बघायचं तर दुसऱ्या माणसाच्या घामावर बसायचं, हा त्यातला पेच. ई-रिक्षांसाठी कोर्टाचं दार ठोठावणाऱ्यांत तिथलेच एक निवृत्त शिक्षक पुढं होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकला परवानगी दिली, पण आतल्या वाटा मातीच्याच ठेवायला सांगितल्या. म्हणजे सगळा डोंगर फरसबंद करायची गरज नाही. एक वाट नीट झाली तरी पुष्कळ झालं. अमेरिकेतल्या योसेमिटीतही सगळ्या वाटा सोप्या नाहीत, पण लोअर धबधब्याकडे जाणारी पूर्वेची वाट पक्की आणि सौम्य चढाची आहे. आपल्याकडं वणीच्या सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पाचशेच्या आसपास पायऱ्या टळतात.

तरी एक सांगतो, 'इथं सोय आहे' या फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. रॅम्प म्हणून सिमेंटची घसरगुंडी बांधलेली पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. नियम 1:12 चा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. साध्या दोन पायऱ्यांना एवढी जागा लागते. सातवीच्या गुणोत्तर-प्रमाणाला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. टेप घेऊन मुलांनाच मोजायला लावा. वाटेची जमीन भिजल्यावर चाक रुततं का, मध्ये थांबायला सावली आहे का, संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हेही बघायचं. शेवटच्या प्रश्नावरच निम्मी ठिकाणं बाद होतील.

बाकीच्या मुलांची मजा जाते, अशी तक्रार काही पालक करतात. सपाट वाटेवर पक्षी कमी दिसतात असं काही नाही. उलट हळू चाललं की मुलं खाली बघतात, मुंग्यांची वारुळं, सागाची जाळी पडलेली पानं त्यांना सापडतात. धावत किल्ला सर करणाऱ्या तुकडीच्या निबंधात मला हे कधी वाचायला मिळालं नाही.

यंदा सुरुवात जवळूनच करतोय. आपल्या तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं जमिनीवरूनच बघता येतात. तिथं डोंगर नाही, पण मोजायची सवय तर लागेल. त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "सर, आधी मोजायलाच मला न्या ना." त्यामुळे रविवारी सकाळी आम्ही दोघं, त्याचे वडील आणि एक टेप असे निघतोय. बसच्या पायऱ्या उंच म्हणून टेम्पो सांगितला आहे, त्यात अजून चार जणांना जागा आहे.