सिकलसेलसाठी बोट टोचता, तेव्हा शिसेही मोजा

मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, नंदुरबार

यांस,

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना बोट टोचून घेण्याची आता सवय झाली आहे. अंगणवाडी असो की आश्रमशाळा, एक थेंब हिमोग्लोबिनसाठी, एक सिकलसेलसाठी. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि हे काम आणखी वाढले. ते चांगलेच आहे. माझी मागणी एवढीच, की बोट टोचतोच आहोत तर आणखी दोन थेंब घ्या आणि मुलांच्या रक्तातले शिसे मोजा.

शिसे म्हटले की मुंबईची वाहतूक नाहीतर एखादा कारखाना डोळ्यांपुढे येतो. आमच्या लोणखेडा गावात ऊस, केळी, पपई. इथे शिसे कुठून येणार, असे कुणीही म्हणेल. पण पेट्रोलमधले शिसे देशभरात 2000 साली गेले, तरी विषय संपलेला नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे आणि त्यांतली सुमारे 27.5 कोटी मुले भारतातली आहेत. हा गणिताने काढलेला अंदाज आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत मोजणी झाली असती तर अंदाजावर विसंबावे लागले नसते.

मोजणी एकदा झाली होती. 1998 मध्ये धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला, त्याच सुमारास दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचे शिसे तपासले गेले. पुढे संशोधकांनी त्यांतल्या 1,081 मुलांची आकडेवारी अभ्यासली, तेव्हा 76 टक्के मुलांमध्ये शिसे 5 ते 20 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान निघाले. गरीब घरांत ते जास्त होते. ज्यांचे शिसे 10 च्या वर, त्यांच्यात मध्यम आणि तीव्र रक्तक्षयही जास्त होता. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत हिमोग्लोबिन राहिले आणि शिसे गळाले. नंदुरबारची पाळी कधी आलीच नाही.

ती यायला हवी, याचे कारण आपल्याच मुलांच्या रक्तात आहे. लोह कमी असलेले शरीर आतड्यातून शिसे जास्त ओढून घेते. मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शोषते. वर शिसे शरीराच्या रक्त बनवण्याच्या कामातच खोडा घालते. म्हणजे रक्तक्षय शिशाला वाट देतो आणि शिसे रक्तक्षय वाढवते. कुपोषण आणि रक्तक्षय यांसाठी आपला जिल्हा राज्यभर ओळखला जातो; लोहाच्या गोळ्या वाटूनही एखाद्या मुलाचे हिमोग्लोबिन चढत नाही, तेव्हा आईने गोळ्या दिल्या नसतील असे आपण धरून चालतो. तसे असेलही. पण एकदा शिसे पाहायला काय हरकत आहे? सिकलसेलच्या मुलाचे पोट दुखले तर तो झटका समजला जातो. शिशानेही पोटात अशीच कळ येते.

आता ते येते कुठून. लोणखेड्यात शिसे आहेच, असा माझा दावा नाही. पण विचारायच्या जागा ठाऊक आहेत. भंगार वितळवून केलेली जर्मनची पातेली. कल्हईच्या कथलात मिसळलेले शिसे. घराच्या अंगणात फोडलेली जुनी बॅटरी. भिंतीचा सुटलेला जुना रंग; घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 मध्ये लागू झाला, त्याआधीचे पापुद्रे भिंतींवर आहेतच. तापीकाठच्या मासेमारीच्या जाळ्यांना लावलेल्या शिशाच्या गोळ्या. आणि शेंदूर: पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. वाघदेवाला, मारुतीला तो लागतो, आणि मुले तेच हात तोंडात घालतात. देवाला शेंदूर लावू नका, असे मी म्हणणार नाही. कुठल्या पुडीतला शेंदूर आहे, ते तपासा.

तपासणीत एक खोच आहे. बोटाला शिशाची धूळ असेल तर यंत्र रक्ताऐवजी धूळच मोजते. म्हणून मुलाचे हात साबणाने धुऊन, स्वच्छ टिपकागदाने पुसून, मग टोचायचे. हात फ्रॉकला पुसू द्यायचे नाहीत. सोबत नेता येणाऱ्या यंत्रावर तीन मिनिटांत आकडा येतो. जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची, त्यासाठी नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितले, की आकडा 5 किंवा वर असेल तर आधी शिशाचा उगम शोधून तो बंद करा. शिसे शरीराबाहेर काढण्याचे औषध मुलांना 45 च्या पुढे. बहुतेकांना औषध लागणारच नाही. पातेले बदलावे लागेल, पुडी बदलावी लागेल, लोह आणि कॅल्शियम द्यावे लागेल.

उगम हाती लागला की काम होते. बांगलादेशात हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग चोळायचे. 2019 मध्ये सरकारने दंड, जप्ती आणि जनजागृतीचा धडाका लावला. तेव्हा बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसे होते, 2021 मध्ये ते शून्यावर आले. त्यासाठी नवे औषध लागले नाही, बाजारात जाऊन नमुने घ्यावे लागले.

म्हणून विनंती. शहादा आणि धडगाव तालुक्यांतून काही गावे काढा, लोणखेडा त्यांत घ्या. सहा वर्षांखालची मुले तपासा. तारीख होळीच्या आसपासची ठेवा, कारण ऊसतोडीला आणि गुजरातला गेलेली कुटुंबे तेव्हा घरी येतात. दिवाळीनंतर शिबिर घेतलेत तर जी मुले मुळात हवीत तीच सापडणार नाहीत. आशाताईंच्या वहीत प्रश्नांचे एकच पान वाढवा: भांडी कुठली, बॅटरीचे काम कुणाच्या घरी, काजळ-शेंदूर कुठून आणता. खर्चाचे म्हणाल तर आकांक्षित जिल्ह्याची लेखाशीर्षे आहेत, आदिवासी उपयोजना आहे. यंत्राच्या किमतीवर अडून बसू नका.

निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, मुलांची नावे वगळून. शिसे सापडले नाही, तर तेही तिथेच लिहा.

आपला,
लोणखेड्याचा एक रहिवासी